मालगाडीच्या फोटोत न दिसणारा माणूस : नाना शंकरशेठ

होस्टेलवर राहणाऱ्याला मालगाडीची ओळख करून द्यावी लागत नाही. रात्री दोन वाजता उद्याच्या सबमिशनची शीट पूर्ण करत बसलं की दुरून एक धडधड सुरू होते आणि संपता संपत नाही. तीच ती. फर्स्ट इयरला चार दिवस झोपमोड होते, पाचव्या दिवशी सवय होते आणि दिवाळीत घरी गेलं की तो आवाज नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मुंबईहून नागपूरला जाणारी आणि दिल्लीहून चेन्नईला जाणारी अशा दोन मोठ्या वाटा आपल्या वर्धा-सेवाग्रामला भेटतात. त्यामुळे कोळसा, सिमेंट, लोखंड, कंटेनर हे सगळं दिवसरात्र आपल्या उशाशी जात असतं.

पण ही रेल्वे आपल्याकडे आणली कोणी, असं उद्या कोणी वायवाला विचारलं तर? बहुतेक जण इंग्रजांनी म्हणून मोकळे होतील. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन फिरणारे लॉर्ड डलहौसीचं नाव घेतील. दोन्ही उत्तरांना मार्क मिळतील, पण पूर्ण नाही. कारण डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून भारतात यायच्या आधी, १८४५ साली, मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्या मंडळींत एक मराठी माणूस होता. जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे, म्हणजेच नाना शंकरशेठ. शाळेच्या पुस्तकात यांच्यावर चार ओळी असतात आणि त्याही आपण परीक्षेपुरत्या पाठ करतो. मीही त्यापलीकडे कधी गेलो नसतो, पण एका रविवारी मालगाड्यांचे फोटो काढायला गेलो आणि तिथे एक वाद निघाला.

जानेवारीचा महिना होता. आम्ही पाच जण : एक मेकॅनिकलचा, एक इलेक्ट्रिकलचा, एक सिव्हिलचा, एक हिंगणघाटचा मित्र (ब्रँच केमिकल, घरी शेती) आणि मी कॉम्प्युटरवाला. एका सिनियरचा कॅमेरा मागून आणला होता, बाकीच्यांचे मोबाईल होतेच. सकाळी थंडीत कुडकुडत निघालो, वाटेत टपरीवर तर्री-पोहे हाणले आणि सेवाग्रामच्या पुढे, बल्लारशाची लाईन फुटते त्या बाजूला गेलो. स्टेशनात किंवा रुळांवर जाऊन फोटो काढायचे नाहीत हे आधीच ठरलेलं. एका शेतमालकाला विचारून त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर बसलो. एका अंगाला तूर उभी, दुसऱ्या अंगाला कापसाचा शेवटचा वेचा चाललेला आणि समोर रूळ.

मालगाडीचा फोटो म्हणजे तपश्चर्या आहे, राजेहो! एक्सप्रेसला टाइमटेबल असतं, मालगाडी आपल्या मर्जीची मालक. दीड तास काही म्हणता काही येत नाही आणि मग डबा उघडून पहिला घास घेतला की एकामागोमाग तीन येतात. सूर्य पाठीमागे पाहिजे, नाहीतर इंजिन काळं ठिक्कर येतं. गाडी जवळ येईपर्यंत बोट आवरलं पाहिजे, नाहीतर फोटोत नुसताच दिवा. आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हलायचं नाही, कारण गार्डसाहेब (२०२२ पासून त्यांचं अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर) हात हलवतात तो फोटो सगळ्यात गोड येतो.

पहिली गाडी बल्लारशाकडून आली. उघड्या बॉक्सएन वॅगन कोळशाने शिगोशिग भरलेल्या, पुढे डब्ल्यूएजी-नाईन इंजिन. मेकॅनिकलवाल्याने डबे मोजले, एकोणसाठ भरले. एका वॅगनमध्ये साठेक टन धरा, म्हणजे साडेतीन हजार टन कोळसा एका खेपेत! इलेक्ट्रिकलवाला सहा हजार हॉर्सपॉवर आणि थ्री-फेज मोटरवर लेक्चर द्यायला लागला. सिव्हिलवाला म्हणे की इंजिनाचं कौतुक सगळे करतात, खाली खडी आणि स्लीपर कोण सांभाळतं ते बघा. नेहमीचं ब्रँचचं भांडण. आम्ही हसत होतो.

हिंगणघाटवाला मात्र गप्प होता. तो एकदा कापूस वेचणाऱ्या बायांकडे बघे आणि एकदा रुळांकडे. मग म्हणाला की तुम्ही एवढे खूश काऊन होऊन राह्यले? ही लाईन टाकलीच मुळात आपला कापूस उचलून न्यायसाठी. त्यावर सिव्हिलवाला बोलला की असं कसं, कंपनीच्या संचालकांत आपला नाना शंकरशेठ होता. हिंगणघाटवाला लगेच म्हणाला, मग तर नानांनाही जाब विचारला पाहिजे. ते कोणाच्या बाजूने होते? कापूस नेणाऱ्यांच्या की पिकवणाऱ्यांच्या?

कोणाकडेच उत्तर नव्हतं. गाड्या येत राहिल्या, फोटो निघत राहिले, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे दोन आठवडे लायब्ररीत जे सापडलं ते इथे मांडतो.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. घराणं ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचं, दैवज्ञ समाजातलं. वडील शंकरशेठ मुंबईत मोठे व्यापारी आणि सावकार. तेव्हा आजच्यासारख्या शाळा नव्हत्या, म्हणून घरीच शिक्षक ठेवून नानांनी संस्कृत, मराठी आणि इंग्रजी शिकून घेतलं. १८२२ मध्ये वडील वारले. नाना तेव्हा एकोणीस वर्षांचे. म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या मुलाचं वय! त्या वयात आपल्यावर मेसचं बिल भरायची जबाबदारी आली तरी घाम फुटतो. नानांवर अख्ख्या पेढीचा आणि घरच्या मालमत्तेचा भार आला. त्यांनी तो असा सांभाळला की अरबस्तान, अफगाणिस्तानातले व्यापारीसुद्धा बँकेपेक्षा नानांच्या पेढीवर पैसा ठेवणं पसंत करत, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं.

एवढा पैसा हाताशी असताना गिरगावात आरामात बसून राहता आलं असतं. पण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी जी संस्था निघाली, तिच्या कामात नाना अगदी तरुण वयात पडले. हीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. एल्फिन्स्टन परत गेल्यावर त्यांच्या नावाने जी शिक्षणसंस्था उभी राहिली, त्यातही नानांचा हात होता. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्यामागे जमशेटजी जीजीभाईंबरोबर नानाही होते. सरकारी शिक्षण मंडळावर ते अनेक वर्षं होते. सतीची चाल कायद्याने बंद व्हावी या बाजूने ते उभे राहिले. १८४९ च्या सुमारास एल्फिन्स्टनच्या तरुण मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी आपल्याच वाड्यात जागा दिली. मुलींना शिकवणं म्हणजे धर्म बुडाला असं म्हणायचे ते दिवस. घरच्या वाड्यात शाळा भरवणं म्हणजे आपल्याच दारात भांडण बोलावून घेण्यासारखं होतं. नानांनी ते घेतलं.

आता रेल्वेकडे येऊ.

इंग्लंडात वाफेच्या इंजिनाची लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली १८३० मध्ये. म्हणजे १८४५ साल उजाडलं तेव्हा त्या रेल्वेला जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. नानांनी तोपर्यंत रेल्वे डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. तरी त्या वर्षी जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांच्या पुढाकाराने मुंबईत रेल्वेसाठी मंडळ उभं राहिलं. लंडनमध्येही अशीच हालचाल चालू होती. शेवटी १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी कंपनी रीतसर जन्माला आली आणि संचालकांत जे मोजके हिंदी लोक होते, त्यांत नाना होते.

कायद्यापासून रुळांपर्यंतचा प्रवास मात्र पैशाचा होता. आपण इंजिनिअरिंगवाले हा भाग नेहमी वगळतो. ईस्ट इंडिया कंपनीने जीआयपीशी १७ ऑगस्ट १८४९ रोजी करार केला : सुरुवातीला पाच लाख पौंडांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी आणि नव्व्याण्णव वर्षांसाठी जमीन फुकट. रेल्वेला नफा कमी झाला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा. म्हणजे लंडनच्या भागधारकाला झोप शांत आणि इकडच्या शेतसाऱ्यातून त्याचं व्याज. खर्च वाढला तरी भागधारकाचे पाच टक्के पक्के, मग काटकसर करायची कोणाला घाई? पुढच्या पिढीतल्या हिंदी अर्थतज्ज्ञांनी या पद्धतीवर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती. आमच्या हिंगणघाटवाल्याचा मुद्दा इथे पहिल्यांदा खरा ठरतो.

३१ ऑक्टोबर १८५० ला सायनजवळ कामाची पहिली कुदळ पडली. चीफ इंजिनिअर होता जेम्स जॉन बर्कली, वय अवघं एकतीस. आणि १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, एकवीस तोफांच्या सलामीत, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. अंतर चौतीस किलोमीटर. त्या पाहुण्यांत नाना होते. आठ वर्षांपूर्वी ज्या गोष्टीचा कागद रंगवायला सुरुवात केली, ती त्या दिवशी धूर सोडत धावत होती.

ठाण्यापर्यंतचं काम तसं सपाटीचं. खरी परीक्षा सह्याद्रीची होती. घाट चढल्याशिवाय दख्खनचा आणि वऱ्हाडचा माल मुंबईला येणार कसा? बोरघाटात चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यासाठी हा चढ काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेसाठी तो भयंकर आहे. त्यातही सरळ वाट न मिळाल्याने मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं : गाडी एका बाजूने चढायची, थांबायची, आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने पुढे चढायची. पंचवीसच्या आसपास बोगदे, मोठमोठे दगडी पूल, आणि सगळं सुरुंगाची दारू, पहार आणि माणसाच्या हातावर. हजारो मजूर एका वेळी राबत होते. कॉलरा आणि तापाने त्यातले किती गेले त्यांची नावं कुठेच नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तर त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. बर्कली स्वतः १८६२ मध्ये गेला, घाट पुरा झालेला न बघता. १८६३ मध्ये बोरघाट आणि जानेवारी १८६५ मध्ये थळघाट, म्हणजे आपल्या बाजूला येणारा कसारा-इगतपुरीचा रस्ता, खुला झाला. आजसुद्धा मालगाडीला या घाटांत मदतीला जादा इंजिनं लावावी लागतात. सहा हजार हॉर्सपॉवरच्या जमान्यात ही स्थिती, तर तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांचं काय होत असेल, विचार करा.

आता कापूस. इथे हिंगणघाटवाला दुसऱ्यांदा बरोबर ठरतो. रेल्वेच्या आधी आपल्याकडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर लादून मुंबईकडे, नाहीतर थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. महिनेच्या महिने लागायचे. वाटेत धूळ, पाऊस, चिखल. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हा माल लवकर आणि स्वच्छ पाहिजे होता. आता नुसत्या तारखा बघा. पहिली गाडी धावली एप्रिल १८५३ मध्ये. मे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवला. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये त्यांचं राज्य खालसा झालं. वर्धा तेव्हा नागपूरच्याच राज्यात. म्हणजे अवघ्या वर्षभरात इकडे रूळ सुरू झाले आणि तिकडे कापसाचा मुलूख ताब्यात आला. हा योगायोग म्हणायचा तर फार सोयीचा योगायोग म्हणावा लागेल.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाट हे तर कापसाच्या जातीचंच नाव होऊन परदेशच्या बाजारात गेलं. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव धाडकन खाली आले. मुंबईच्या कंपन्या बुडाल्या, शेअरवाले रस्त्यावर आले. शेतकऱ्याचा भाव दूरच्या देशातल्या लढाईवर ठरतो, हे आपल्या भागाने तेव्हापासून बघितलं आहे.

मग नानांना जाब विचारायचा का? मी आधी त्यांच्या आयुष्यातली दुसरी एक तारीख सांगतो : २६ ऑगस्ट १८५२. पहिली गाडी सुटायला अजून आठ महिने होते. कंपनीचं काम जोरात चाललेलं. आणि त्याच वेळी नाना मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन करण्यात पुढे होते. सोबत दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी अशी तरुण मंडळी. मुंबई इलाख्यातली ही पहिली राजकीय संस्था. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १८५३ मध्ये नवी व्हायची होती, ती संधी साधून या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज पाठवला. राज्यकारभारातला फाजील खर्च दाखवला, वरच्या नोकऱ्या हिंदी लोकांना द्या म्हटलं, कायदे करणाऱ्या मंडळात इथली माणसं घ्या म्हटलं, शिक्षणावर खर्च करा म्हटलं.

मला हे वाचून थांबायला झालं. एकाच माणसाची एका हाताने रेल्वे कंपनीच्या कामावर सही आणि दुसऱ्या हाताने त्याच सरकारविरुद्धच्या तक्रारीवर. सरकारची मर्जी राखून मान आणि पैसा मिळवणारे तेव्हाही भरपूर होते. सरकारला शिव्या घालून घरी बसणारेही होते. खुर्चीत बसूनही तक्रार करणं ही तिसरी वाट, आणि ती सगळ्यात अवघड, कारण तिच्यावरून चालणाऱ्यावर दोन्ही बाजूंचा संशय असतो. १८५७ मध्ये नानांना याचा अनुभव आला. उठावाशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांची चौकशी झाली. काही निघालं नाही आणि ते सुटले. पण विचार करा : ज्याच्या शब्दावर व्यापारी लाखो रुपये ठेवत, जो चार वर्षांपूर्वी तोफांच्या सलामीत पहिल्या गाडीत बसला होता, त्याच्याच मागे सरकारी हेर लागले.

नाना तरी मागे सरले नाहीत. गिरगावातली सोनापूरची स्मशानभूमी हलवायचा सरकारचा बेत होता, त्याला त्यांनी विरोध करून ती लोकांसाठी राखली. भायखळ्याची राणीची बाग, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं संग्रहालय, यांच्या उभारणीतही ते होते. आणि १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली. दहा वर्षांपूर्वीच्या अर्जात जे मागितलं होतं, त्याचा अगदी छोटासा तुकडा हाती आला आणि त्या खुर्चीवर स्वतः नानाच जाऊन बसले. ती निवडून आलेली जागा नव्हती, सरकारी नेमणूक होती, अधिकारही थोडेच. पण दार किलकिलं झालं.

३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. वय बासष्ट. थळघाट खुला होऊन सात महिने झाले होते, वऱ्हाडाची वाट मोकळी होती, पण रूळ आपल्यापर्यंत यायचे होते. खरं तर तेव्हा वर्धा हे शहरही नव्हतं. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये झाला आणि पालकवाडी नावाच्या गावाच्या जागी वर्धा वसवायला सुरुवात झाली १८६६ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, जीआयपीची गाडी वर्ध्यावरून नागपूरला पोचली. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा गेला, कापसासाठी आणि कोळशासाठी. आम्ही धुऱ्यावर बसून ज्या लाईनचे फोटो काढले तिचा जन्म हा. नानांनी यातलं काहीच बघितलं नाही.

आणि ज्यांनी ही लाईन कापूस न्यायला टाकली, त्यांनीही पुढचं बघितलं नव्हतं. याच रुळांवरून १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला राहायला आले आणि १९३६ पासून सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला. ज्या गांधीजींनी १९०९ च्या हिंद स्वराज्यमध्ये रेल्वेवर सडकून टीका केली होती, तेच थर्ड क्लासच्या डब्यातून याच रेल्वेने देश फिरले. देशभरचे पुढारी बैठकांसाठी गाडीतून वर्ध्याला उतरत होते. जुलै १९४२ मध्ये इंग्रजांनी भारत सोडून जावं हा काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव वर्ध्यालाच झाला. कापूस नेण्यासाठी आलेल्या रेल्वेने इंग्रजांना घालवणारी माणसंही वाहून आणली!

हे सगळं मी आमच्या पाच जणांच्या मंडळात सांगितलं तेव्हा हिंगणघाटवाला लगेच मान्य झाला असं समजू नका. तो म्हणतो की ठीक आहे, नाना मोठे, पण माझ्या गावच्या शेतकऱ्याला त्या संचालकांच्या खोलीत खुर्ची नव्हती ती नव्हतीच. बरोबर आहे त्याचं. मला वाटतं, ही गोष्ट नानांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असावी, म्हणून तर ते आयुष्यभर शाळा काढत राहिले. रूळ टाकायला आठ वर्षं लागली. त्या खोलीत आपली आणखी माणसं जाऊन बसायला शाळा, कॉलेज आणि दोन पिढ्या लागणार होत्या. नानांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ मध्ये ती मिळवणारा चिंतामणराव देशमुख नावाचा मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचा अर्थमंत्री झाला. ज्या तिजोरीतून कधीकाळी लंडनच्या भागधारकाचं व्याज जायचं, तिची किल्ली शेवटी अशा हातात आली.

आपल्यापैकी बरेच जण उद्या कुठल्या ना कुठल्या कंपनीत जातील. कोणी धरण बांधेल, कोणी खाण खणेल, कोणी सॉफ्टवेअर लिहील. मशीन कसं चालतं ते आपल्याला चार वर्षं शिकवतात. ते कोणासाठी चालणार, पैसा कोणाचा, फायदा कोणाचा आणि ज्याच्या वावरातून ते जाणार त्याला कोणी विचारलं का, हे सिलॅबसमध्ये येत नाही. नाना इंजिनिअर नव्हते. त्यांना पिस्टन आणि ग्रेडियंट आपल्याइतके कळत नसतील. पण कंपनीच्या कामात राहूनही सरकारला लेखी प्रश्न विचारायची हिंमत त्यांच्याकडे होती, आणि त्याची किंमत मोजायची तयारीही. आपली डिग्री हातात आली की निदान एवढं तरी त्यांच्याकडून घेता येईल.

इंटरव्ह्यूसाठी मुंबईला गेलात तर ग्रँट रोडला नाना चौक आहे, तो यांच्याच नावाचा. फोर्टमध्ये टाऊन हॉलला एशियाटिक सोसायटीत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. परतीच्या गाडीला तास-दोन तास असतील तर जरूर बघून या. आणि कसाऱ्याला गाडी घाट चढायला लागली की मोबाईलमधून डोकं वर काढून खिडकीबाहेर बघा. तो घाट फोडणाऱ्यांची नावं कुठल्याच पुतळ्याखाली लिहिलेली नाहीत.